नऊ नंबरच्या हिरवळीला फुटलेला घाम

सकाळचे सहा वाजायला पाच मिनिटं कमी होती आणि नऊ नंबरच्या बंगल्यासमोर मुंगीला शिरायला वाव नव्हता. कोणी दात घासता घासता तसंच आलं होतं. कोणी कुंपणावर चढून बसलं होतं. एका आजोबांनी घरून खुर्ची आणली होती, ती दुसऱ्याच कोणीतरी पटकावली, म्हणून त्यांची सारखी कुरकुर चालली होती.

सगळ्यांच्या नजरा एकाच जागी खिळल्या होत्या. अंगणभर पिवळं, कडकडीत वाळलेलं गवत, आणि रस्त्याकडच्या कुंपणाला लागून जेवणाच्या टेबलाएवढा एक हिरवागार तुकडा. तुकड्याच्या मधोमध हिरवी मखमल घातलेलं स्टूल. स्टुलावर डोळे मिटून हिरवळबाबा.

"मंडळी," डोळे न उघडता बाबा म्हणाले, "गवत म्हणजे काय? गवत म्हणजे धरणीचे केस. केस का पिकतात? चिंतेनं. तुम्ही सगळे पाण्याची चिंता करता, म्हणून धरणीचे केस पिकले. मी चिंता करत नाही. माझ्याखालचे पिकले का?"

नाही, नाही, अशी गर्दीतून कुजबुज झाली.

"नळाचं पाणी हे पाणी नव्हे. जे पाणी नाही, तेच खरं पाणी. ते खालून वर येतं. कंपनांनी येतं. बघा."

आणि खरोखरच, सहा वाजून वीस मिनिटांच्या सुमाराला, स्टुलाभोवतीची माती गडद व्हायला लागली. गवताच्या बुडाशी थेंब चमकले. थोड्या वेळानं पावलाच्या ठशाएवढ्या एका खोलगट जागेत चमचाभर पाणी साठलं. गर्दीनं श्वास रोखून धरला. धरणीला घाम फुटला होता.

गर्दीच्या अगदी शेवटी मास्तरीणबाई उभ्या होत्या, आणि त्यांचं बोट धरून त्यांची नात भिंगरी. मास्तरीणबाईंनी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं होतं. आता त्या बावीस नंबरमध्ये, म्हणजे उताराच्या अगदी तळाच्या घरात, नातीसोबत राहायच्या. इतरांसारखे त्यांचेही डोळे त्या थेंबांवर होते. खोटं कशाला सांगा, क्षणभर त्यांनाही वाटून गेलं की हे खरं असतं तर किती बरं झालं असतं. त्यांच्या घरापुढची हिरवळ यजमानांनी स्वतःच्या हातांनी पेरली होती. यजमान गेले, हिरवळ राहिली होती, आणि आता तीही पिवळी पडली होती.

"आजी, जमिनीला घाम येतो?" भिंगरीनं विचारलं.

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं की मला माहीत नाही."

"मग आपण दोघी एकाच वर्गात आहोत," मास्तरीणबाई म्हणाल्या.

आता ही कॉलनी काय चीज होती ते सांगायला हवं. एक सरळ उतरता रस्ता, दोन्ही बाजूंना मिळून बावीस बंगले, आणि प्रत्येक बंगल्यापुढे हिरवळ. इथल्या माणसांना हिरवळीचं वेडच होतं. ज्याची हिरवळ सगळ्यात दाट, त्याच्या फाटकावर वर्षभर 'उत्कृष्ट हिरवळ' अशी पितळी पाटी लागायची. ती पाटी मिळावी म्हणून एकानं कात्रीनं एकेक पातं कापल्याचं सगळ्यांनी पाहिलं होतं. गेली सहा वर्षं पाटी नऊ नंबरच्या फाटकावरून हललेली नव्हती. तिथे कॉलनीचे अध्यक्ष राहायचे.

मग पाऊस रुसला. एक वर्ष, दोन वर्षं. धरणाचा तळ दिसायला लागला. पाणीपुरवठा कार्यालयानं आधी सांगितलं, हिरवळीला आठवड्यातून दोनदाच पाणी घाला. मग एकदा. मग हुकूम आला की हिरवळीला पाण्याचा थेंबही घालायचा नाही. घरात नळाला पाणी येणार तेही एक दिवसाआड, सकाळी सहा ते साडेसात.

हुकूम पाळण्यात कॉलनी मागे हटली नाही, उलट चार पावलं पुढेच गेली. अध्यक्षांनी फर्मान काढलं, सगळ्यांनी बागेच्या नळ्या क्लबच्या खोलीत जमा करा. बावीस घरांच्या बावीस नळ्या खोलीत गुंडाळून ठेवल्या गेल्या आणि दाराला दोन कुलपं लागली. चार जणांचं पाहणी पथक रोज फिरायचं. कोणाच्या बादलीवर, कोणाच्या झारीवर, कोणाच्या ओल्या चपलेवर त्यांची नजर असायची. पथकातल्या एका काकांनी तर शेजारणीला विचारलं होतं की तुमचं मांजर ओलं का दिसतंय.

त्यामुळे कॉलनीत एक गोष्ट पक्की ठरून गेली होती. नळ्या कुलपात आहेत, म्हणजे हिरवळीवर पाणी पडणं शक्यच नाही. आणि पाणी पडत नसताना गवत हिरवं असेल, तर मग तो चमत्कार. पाणी वरूनच पडतं आणि नळीतूनच येतं, याबद्दल कोणालाही तिळमात्र शंका नव्हती.

हा तुकडा हिरवा राहिलाय हे सगळ्यांत आधी हिरवळबाबांनी पाहिलं. तेव्हा ते बाबा नव्हते. पायात बूट, हातात बॅग, आणि बॅगेत प्लास्टिकच्या हिरवळीचे नमुने घेऊन ते दारोदार फिरायचे. त्या कॉलनीत त्यांचा एकही नमुना खपला नाही, कारण प्लास्टिक दाखवलं की लोक जणू आईवरून शिवी दिल्यासारखे खवळायचे. मग आठ-दहा दिवस ते दिसले नाहीत, आणि दिसले ते डोळे मिटून, अध्यक्षांच्या अंगणात. कोणी ओळखलंही नाही. दाढी वाढली होती आणि बॅग नव्हती.

अध्यक्षांनी त्यांना आधी हाकलायचं ठरवलं होतं. पण त्याच सकाळी धरणीला घाम फुटला, आणि अध्यक्ष विरघळले. बाबांची सोय पाहुण्यांच्या खोलीत झाली. खोलीला जोडून न्हाणीघर, न्हाणीघरात भरलेलं मोठं पिंप. बाबा पिंपातल्या पाण्यानं अंघोळ करायचे, अध्यक्षांच्या घरचा चहा-नाश्ता घ्यायचे, आणि लोकांना त्या तुकड्यातल्या ओल्या मातीच्या पुड्या द्यायचे. पुडी हिरवळीत पुरायची आणि चिंता सोडायची, मग महिन्याभरात सगळी कॉलनी हिरवी. अट एकच. कोणी खणायचं नाही. "खणलं की धरणीला गुदगुल्या होतात," बाबा म्हणायचे, "आणि गुदगुल्या झाल्या की ती रुसते."

भिंगरीला पुडीचं फार कुतूहल होतं. मास्तरीणबाईंनी तिला अंगणात नेलं, पिवळ्या गवताची एक मुळी हळूच उपटली आणि नखानं सोलली. आत पांढरी, ताजी मुळी होती.

"मेलेलं नाहीये हे," त्या म्हणाल्या. "झोपलंय. पाणी नसलं की गवत असं झोपून राहतं. पाऊस आला की आपोआप उठेल. त्याला पुडीची गरज नाही."

"मग अध्यक्षकाकांचं गवत का नाही झोपलं?"

"हा आता खरा प्रश्न आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या.

त्याच दिवशी दुपारी चावीवाला आला. टाकीचा चाक-नळ उघडून कॉलनीला पाणी सोडायचं आणि वेळ झाली की बंद करायचं, हे त्याचं काम. कमरेएवढी लोखंडी चावी कायम त्याच्या खांद्यावर असायची. सातवीत तो मास्तरीणबाईंच्या वर्गात होता. आजही त्यांच्यासमोर खुर्चीत बसायला तो तयार नसे. तो स्वयंपाकघराच्या पायरीवर बसला आणि त्यानं चावी भिंतीला टेकवली.

हळूहळू त्याच्याकडून सगळं बाहेर आलं. टाकीवर एक मीटर आहे, घराघरांत एकेक मीटर आहे. टाकीतून जेवढं पाणी निघतं, त्यातला पाचवा हिस्सा घरांपर्यंत पोहोचतच नाही, असं कार्यालयाला आढळलं होतं. तूट कुठे जाते ते महिन्याभरात शोधा, नाहीतर पाणी तीन दिवसांआड करू, असं पत्र अध्यक्षांना आलं. अध्यक्षांना चोर शोधायला फार वेळ लागला नाही. चावी कोणाच्या हातात? चावीवाल्याच्या. म्हणजे तोच पाणी चोरून बाहेर विकतो. रविवारी सकाळी बाबांच्या दर्शनानंतर तिथेच सभा, आणि सभेत चावीवाल्याला कामावरून काढायचा ठराव.

"बाई, एक बादलीसुद्धा मी इकडची तिकडे केली नाही," चावीवाला म्हणाला. "नोकरी गेली तर दुसरी बघेन. पण पाणीचोर म्हणून काढल्यावर मला टाकीजवळ तरी कोण उभं करेल? घरी अजून काही बोललो नाही. मुलगी कालच विचारत होती, बाबा, तुमच्याबद्दल रस्त्यात लोक काय बोलतात."

मास्तरीणबाईंनी विचारलं की पाइप कुठे फुटलाय का ते पाहिलं का. पाहिलं होतं. त्याच्याकडे एक लाकडी दांडा होता. एक टोक जमिनीवर आणि दुसरं कानाला लावलं की खाली पाणी फुटून वाहत असेल तर सळसळ ऐकू येते. नऊ नंबरपाशी ती त्याला ऐकू आली होती. पण आवाज रस्त्याकडून येत नव्हता, कुंपणाच्या आतून येत होता, आणि नकाशात तर पाइप कुंपणाबाहेर दाखवलाय. आत जाऊन दांडा लावू द्या म्हटलं, तर अध्यक्षांनी फाटकच लावून घेतलं. बाबांच्या जागेवर चोराची सावली नको, म्हणाले.

भिंगरी जवळच बसून दिनदर्शिकेवर काहीतरी खुणा करत होती. घरातले डबे आणि कळश्या भरून ठेवायचं काम तिच्याकडे होतं. नळाला पाणी यायचा दिवस चुकू नये म्हणून ती त्या त्या तारखेवर निळी फुली मारायची.

"आजी," ती एकदम म्हणाली, "बाबांचा घाम आणि आपला नळ एकाच दिवशी येतात."

मास्तरीणबाईंनी चष्मा लावला. "कशावरून?"

"बाबा आधी म्हणायचे, धरणी विषम तारखेलाच प्रसन्न होते. तेव्हा आपल्या फुल्या पण विषमच होत्या. एकोणतीस, एकतीस. मग एकतीसनंतर एक दिवस सोडून पाणी आलं, ते दोन तारखेला. दोन तर सम आहे."

"आणि एक तारखेला बाबा बसले होते?" मास्तरीणबाईंनी चावीवाल्याकडे पाहत विचारलं.

"बसले होते की," चावीवाला सांगू लागला. तासभर बसले तरी काहीच आलं नाही. मग म्हणाले, आज धरणीचा उपवास आहे. दोनला घाम फुटला, तेव्हा म्हणाले, महिना बदलला, धरणीनं कूस बदलली, आता सम तारखा.

"महिना बदलल्यामुळे नळाची तारीख बदलली," भिंगरी म्हणाली. "धरणीला काय माहीत महिना एकतीस दिवसांचा होता ते?"

मास्तरीणबाईंनी नातीकडे असं पाहिलं, जसं एकतीस वर्षांत त्यांनी फार थोड्या मुलांकडे पाहिलं होतं. पण लगेच म्हणाल्या, "दोन गोष्टी एकाच वेळी होतात, म्हणजे एकीमुळे दुसरी होते असं अजून सिद्ध झालं नाही. मी उठते तेव्हा दूधवालाही येतो. म्हणून काही मी त्याला आणत नाही. मग काय करायचं?"

भिंगरीनं डोकं खाजवलं. "तू एक दिवस उशिरा उठून बघायचं."

"बरोब्बर," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि चपला शोधायला लागल्या.

पाणीपुरवठा कार्यालयातल्या इंजिनीअर मॅडम फायलींच्या ढिगामागे बसल्या होत्या. सगळं ऐकून त्या म्हणाल्या की खासगी अंगण त्यांना पुराव्याशिवाय खणता येत नाही, आणि तिथे खणू नये म्हणून कॉलनीतल्या चाळीस लोकांच्या सह्यांचा अर्जही त्यांच्याकडे आलाय. मास्तरीणबाईंनी खणायची परवानगी मागितलीच नाही. त्यांना हवा होता फक्त उशीर. रविवारी पाणी सहाऐवजी साडेनऊला सोडायचं. दुष्काळात पाण्याची वेळ कार्यालयच ठरवतं, तेव्हा हे मॅडमच्या हातात होतं.

"पण तशी सूचना लावावी लागेल," मॅडम म्हणाल्या.

"लावा ना. क्लबच्या फलकावर लावा."

सूचना लावली गेली. सही, शिक्का, तारीख, वेळ, सगळं रीतसर. शुक्रवारी संध्याकाळपासून ती फलकावर होती. त्या फलकावर चार वर्षांपूर्वी हरवलेल्या छत्रीची जाहिरात अजून होती, यावरून तो किती वाचला जात असेल ते समजा.

रविवार उजाडला. गर्दी नेहमीच्या दुप्पट, कारण आज दर्शन आणि सभा दोन्ही होतं. चावीवाल्याला पुढे उभं केलं होतं. लोक त्याच्यापासून हातभर अंतर ठेवून होते. सहा वाजले. बाबांनी डोळे मिटले. धरणी, केस, चिंता, कंपनं, सगळं झालं. सव्वासहा. साडेसहा. माती कोरडी ठणठणीत.

सात वाजता बाबांनी एक डोळा किलकिला करून खाली पाहिलं. घाम फुटला होता, पण तो बाबांच्या कपाळावर.

कुठूनतरी एक बाई आल्या आणि म्हणाल्या की घरातल्या नळालाही आज पाणी नाही. कोणीतरी वैतागून म्हणालं, सोडणारा इथे उभा आहे, तर येईल कुठून? सगळ्यांनी आपापल्या घरचे नळ उघडेच टाकले होते. पाणी आलं तर आवाज ऐकू येईल, एवढाच त्यामागचा विचार. पण हे दोन कोरडेपण एकमेकांशेजारी ठेवून पाहायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. बाबांच्या तर नाहीच. पिंपातून अंघोळ करणाऱ्याला नळाची वेळ काय ठाऊक.

आठ वाजता बाबा ताडकन उठले आणि चावीवाल्याकडे बोट केलं.

"याची सावली. ही सावली इथे आहे तोवर धरणी बोलणार नाही. आज थेंबही येणार नाही. माझा शब्द आहे."

गर्दीत संतापाची लाट उठली. अध्यक्षांनी खिशातून ठरावाचा कागद काढला. चावीवाल्याचा चेहरा मातीसारखा झाला. तो मास्तरीणबाईंकडे पाहायचंही टाळत होता.

"अध्यक्ष, एक विचारू?" मास्तरीणबाई पुढे झाल्या. त्या काळ्या फळ्यासमोर उभ्या राहायच्या तशाच उभ्या राहिल्या, आणि त्या कॉलनीतले निम्मे तरी लोक नकळत ताठ झाले. "बाबांनी शब्द दिलाय की आज थेंब येणार नाही. मग घाई कसली? बाबांना नाश्ता करू दे. ठराव दहा वाजता करा. तेवढा वेळ माझ्या विद्यार्थ्याला द्या."

अध्यक्षांना नाही म्हणवेना. बाबा आत गेले. अध्यक्षांच्या घरच्या वहिनींनी टोस्ट भाजायला घेतले. उन्हं चढली. कंटाळून काही लोक निघाले, पण बाकीचे राहिले, कारण एखाद्याला कामावरून काढताना पाहायला कोणाला आवडत नाही?

सव्वानऊला इंजिनीअर मॅडमची गाडी आली. मॅडमनी फक्त मान हलवली. चावीवाल्यानं खांद्यावर चावी घेतली आणि तो रस्ता चढून टाकीकडे निघाला.

"पळाला," पाहणी पथकातले काका म्हणाले.

"पळत नाहीये," मास्तरीणबाई म्हणाल्या, "कामाला जातोय. तुम्ही त्याच्याकडे नका बघू. जमिनीकडे बघा. स्टूल रिकामं आहे ना? बाबा आत आहेत ना? नीट बघून ठेवा."

साडेनऊ वाजले. काही मिनिटं गेली. आणि मग वरच्या घरांपासून आवाज सुरू झाला. एक नंबरचा नळ खळखळला, मग तीन, मग पाच, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी उघडे राहिलेले नळ एकेक करून बोलायला लागले. लोक घरांकडे धावायला वळले, एवढ्यात भिंगरी म्हणाली, "आजी, माती."

स्टुलाभोवतीची माती गडद होत होती. गवताच्या बुडाशी थेंब चमकले. खोलगट जागेत पाणी साठायला लागलं, चमचाभर, मग वाटीभर. स्टुलावर कोणी नव्हतं. कंपनं करणारा माणूस आत टोस्टला लोणी लावत होता.

रस्ताभर फक्त नळांचा आवाज होता.

मॅडमनी खिशातून पाणी तपासायच्या द्रावणाची छोटी बाटली काढून भिंगरीच्या हातात दिली आणि सांगितलं की कार्यालयानं सोडलेल्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं, आणि असं पाणी या थेंबांनी पिवळं होतं. भिंगरीनं आधी मॅडमनी घरून आणलेल्या विहिरीच्या पाण्यात थेंब टाकले. काही झालं नाही. मग नळाच्या पाण्यात टाकले. पिवळं. मग खोलग्यातलं पाणी चमच्यानं घेतलं, कपड्यातून गाळलं आणि त्यात दोन थेंब सोडले. तेही पिवळं झालं.

"धरणीच्या घामात आपलं जंतूंचं औषध कसं आलं?" तिनं विचारलं. चिडवायला नाही, खरंच विचारलं.

तेवढ्यात हातात अर्धा टोस्ट घेऊन बाबा बाहेर आले. ओली माती पाहून त्यांची कळी खुलली.

"पाहिलंत? मी दूर असूनही धरणीनं ऐकलं."

"तुम्ही तर थेंबही येणार नाही असा शब्द दिला होता," मास्तरीणबाई म्हणाल्या. "असू दे. चूक माणसाकडून होते. आता एवढंच सांगा, हा घाम कधी थांबेल?"

बाबांनी आकाशाकडे पाहिलं. "सूर्य मावळेपर्यंत धरणी प्रसन्न राहील."

मास्तरीणबाईंनी रुमाल हलवला. टाकीपाशी उभ्या असलेल्या चावीवाल्यानं चावी फिरवली. वरचे नळ थांबले, खालचे थांबले. खोलग्यातलं पाणी पाव तासात जमिनीत जिरून गेलं. रुमाल पुन्हा हलला. नळ पुन्हा खळखळले आणि माती पुन्हा ओली झाली. तिसऱ्यांदा रुमाल हलवायची गरज पडली नाही. खुर्ची गमावलेले आजोबा जोरात हसले, आणि त्यांच्या पाठोपाठ सगळी कॉलनी.

बाबा स्टुलावर बसले, पण या वेळी पाय दुखल्यासारखे बसले. प्लास्टिकची हिरवळ विकत फिरताना हा तुकडा दिसला, असं त्यांनी सांगून टाकलं. रोज पहाटे येऊन पाहिलं. एक दिवसाआड सव्वासहा-साडेसहाला ओल येते एवढं लक्षात आलं.

"पण का येते ते?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"ते कोणाला ठाऊक, बाई. मला वेळ ठाऊक होती. तेवढ्यावर भागत होतं."

मास्तरीणबाईंना त्यांचा राग आला, पण थोडी हळहळही वाटली. इतकं बारीक निरीक्षण करणारा माणूस. आणखी एकच प्रश्न स्वतःला विचारला असता, तर हाच माणूस कॉलनीचं पाणी वाचवून गेला असता.

मग खणलं. धरणीला गुदगुल्या झाल्या नाहीत. हातभर खोलीवर पाइपाचा सांधा तडकलेला सापडला आणि फवारा मॅडमच्या चष्म्यावर उडाला. नकाशात रस्त्याकडेला असलेला पाइप अंगणाच्या आत कसा, म्हणून मॅडमनी टेप धरली. पाइप जागेवरच होता. कुंपण चार फूट बाहेर आलं होतं. हिरवळ मोठी दिसावी म्हणून सहा वर्षांपूर्वी अध्यक्षांनी ते सरकवलं होतं, आणि नवे खांब ठोकताना कुदळीचा घाव सांध्यावर बसला होता. तेव्हाची बारीक चीर आता रुंदावली होती. पाचवा हिस्सा तिथून जात होता.

हिरवळबाबा निघाले तेव्हा वहिनींनी त्यांना थांबवलं आणि स्टुलावरची मखमल काढून घेतली. ती त्यांच्या दिवाणखान्याच्या पडद्याची होती. पुड्या घेतलेले लोक बाबांना धरायला पुढे झाले, पण मॅडमनी त्यांना गाडीत बसवलं. पुढची विचारपूस कार्यालयात होईल, म्हणाल्या.

अध्यक्षांनी ठरावाचा कागद चुरगाळून खिशात घातला आणि चावीवाल्याजवळ जाऊन हळू आवाजात म्हणाले, "झालं गेलं विसरून जा."

"विसरेन," चावीवाला म्हणाला. "पण तुम्ही मला चोर म्हणालात ते सगळ्यांसमोर म्हणालात. चोर नाही म्हणायचं तेही सगळ्यांसमोर म्हणा. माझी मुलगी त्या कोपऱ्यावर उभी आहे. तिला ऐकू जाईल एवढं मोठ्यानं."

अध्यक्षांनी कोपऱ्याकडे पाहिलं. सहा वर्षं पितळी पाटीमागे राहिलेल्या माणसाला ते सोपं नव्हतं. पण त्यांनी म्हटलं. या माणसानं पाणी चोरलं नाही, पाणी माझ्या कुंपणापायी गेलं, आणि मी शहानिशा न करता त्याच्यावर आळ घेतला. कोपऱ्यावरच्या मुलीनं मान वर केली.

सांधा दुरुस्त झाला आणि त्या दिवशी उताराच्या तळाशी, बावीस नंबरच्या नळाला पहिल्यांदा भरपूर धार आली. ती हिरवळीवर घालायचा मोह मास्तरीणबाईंना झाला नाही. धरण अजून कोरडंच होतं.

लोक त्यांना विचारायला आले, बाई, आम्ही एवढी शिकलेली माणसं, आम्हाला कसं कळलं नाही? त्या कोणाला हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं ते मुलांनीही ऐकून ठेवावं असं आहे. अद्भुत काही दिसलं तर जरूर बघा, टाळ्याही वाजवा. पण मग विचारा, हे कधी होतं, आणि तेव्हा आणखी काय होत असतं? त्यातली एक गोष्ट बदलून बघा. आणि जो म्हणेल बदलू नका, खणू नका, विचारू नका, तिथेच आधी खणा. लाजू नका, चुकायला घाबरू नका. कारण आपण न विचारलेल्या प्रश्नाची शिक्षा बहुतेक वेळा आपल्याला होत नाही. ती गर्दीत पुढे उभ्या केलेल्या एखाद्या निरपराध माणसाला होते.